दोन्ही डोळे सारखे आहेत ना?

दोन मुलांच्या आईला विचारा, 'तुमचे लाडके कोणते?' ती म्हणेल, 'मला दोन्ही डोळे सारखेच.' आईचे हे बोलणे खरे असते. मेंदूचे मात्र तसे नाही. दोन डोळ्यांकडून येणाऱ्या चित्रांपैकी एक स्पष्ट आणि एक अंधूक असेल, किंवा दोन्ही चित्रे एकमेकांशी जुळत नसतील, तर लहान मुलाचा मेंदू सरळसरळ पक्षपात करतो. चांगले चित्र ठेवून घेतो, दुसरे टाकून देतो. असे काही वर्षे चालले की टाकून दिलेला डोळा पाहायला शिकतच नाही. त्यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. आज आपण या आळशी डोळ्याची आणि त्याच्याबरोबर नेहमी नांदणाऱ्या तिरळेपणाची माहिती घेऊ.

मी नेत्रतज्ज्ञ नाही. भाईंदर पूर्वेला गोडदेवसारख्या दाट वस्तीत सर्दी-खोकला, ताप-जुलाब तपासणारा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण तिरळ्या डोळ्याचे मूल बहुतेक वेळा पहिल्यांदा येते ते माझ्यासारख्याच डॉक्टरकडे, आणि तेही खोकल्यासाठी. डोळ्याचा विषय मी काढला की उत्तरे ठरलेली असतात. 'जन्मापासून तसंच आहे.' 'मोठा झाला की जाईल.' 'याच्या काकालाही आहे, त्याचं काही अडलं नाही.' आणि गावठाणातली एखादी आजी सोबत असेल तर ती मला गप्पच करते : 'नशिबाचा डोला हाय तो डॉक्टर, कशाला हात लावताव?'

आजीच्या मायेबद्दल शंका नाही. पण या नशिबाच्या डोळ्याला एक मुदत असते. ती साधारणपणे शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत संपत येते. लेखाचा मुख्य मुद्दा ही मुदतच आहे.

तिरळेपणा म्हणजे काय?

प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू जोडलेले असतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा. बैलांचे कासरे गाडीवानाच्या हातात असावेत तसे या बारा स्नायूंचे कासरे मेंदूच्या हातात असतात. आपण उजवीकडे पाहिले की दोन्ही डोळे एकाच वेळी, एकाच मापाने उजवीकडे वळतात. हा मेळ बिघडला की एक डोळा समोर पाहतो आणि दुसरा नाकाकडे, कानाकडे, वर किंवा खाली वळतो. हा तिरळेपणा. काही मुलांत तो सतत दिसतो, तर काहींत फक्त दमल्यावर, तापात, झोप आलेली असताना किंवा उन्हात.

जगभरच्या पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारण एक ते चार मुलांमध्ये तिरळेपणा आढळतो. म्हणजे मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेत एखाद-दुसरे मूल असणारच.

कारणे अनेक आहेत. दूरदृष्टीचा, म्हणजे अधिकचा मोठा नंबर हे एक महत्त्वाचे कारण. घराण्यात कोणाला तिरळेपणा असेल तर शक्यता वाढते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली, फार कमी वजनाची बाळे, मेंदूचा पक्षाघात किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुले यांच्यात तो जास्त दिसतो. एखाद्या डोळ्याची नजर मोतीबिंदूसारख्या कारणाने मुळातच कमी असेल तर तो डोळाही भरकटतो. पुष्कळदा मात्र नेमके कारण सापडत नाही. 'ताप आला आणि डोळा फिरला,' असे पालक सांगतात. बहुतेक वेळा तिरळेपणाकडे कल आधीपासून असतो. आजारपणाच्या अशक्तपणात तो उघडा पडतो, इतकेच.

मेंदू एक चित्र पुसतो कसे?

दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले, तर एका वस्तूच्या दोन वस्तू दिसायला हव्यात. मोठ्या माणसाला तशा दिसतातही. जुन्या क्रिकेटप्रेमींना मन्सूर अली खान पतौडी आठवत असतील. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याला काचेने इजा झाली. पुढे त्या डोळ्यात भिंग घालून ते मैदानात उतरले तेव्हा त्यांना एकाऐवजी दोन चेंडू दिसत. मग टोपी उजव्या डोळ्यावर ओढून ते खेळू लागले. १९६२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. त्यांची जिद्द मोठी खरीच, पण आपल्या विषयापुरता मुद्दा असा की विशीतल्या माणसाचा मेंदू पक्का झालेला असतो. नको असलेले चित्र त्याला सहजासहजी पुसता येत नाही.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला टोपी ओढावी लागत नाही. त्याचा मेंदू आतल्या आतच वाकड्या डोळ्याचे चित्र बंद करतो. मुलाला दोन-दोन दिसत नाही, काही दुखत नाही, ते तक्रार करत नाही. म्हणूनच घरात कोणाला काही कळत नाही.

हे का घडते ते डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने मिटलेला ठेवला आणि मग उघडला. डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या पाहण्याच्या पेशी त्याला दाद देईनात. पूर्ण वाढ झालेल्या मांजराचा डोळा तसाच मिटला तर असे काही झाले नाही. दृष्टीवरील संशोधनासाठी या दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मुलाचे तसेच आहे. पाहणे हे चालण्या-बोलण्यासारखे शिकावे लागते आणि शिकण्याचे वय ठरलेले असते. पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदू ओल्या मातीसारखा असतो. पुढे माती वाळत जाते.

सरळ दिसणारा आळशी डोळा

तिरळेपणा निदान चारचौघांना दिसतो. त्याहून फसवा असतो तो अगदी सरळ, सुंदर दिसणारा आळशी डोळा. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर मूल चांगल्या डोळ्याने सगळे व्यवहार करते. धावते, खेळते, फळ्यावरचे वाचते, पहिला नंबरही काढते. आळशी डोळ्याची तिसरी तऱ्हा म्हणजे डोळ्यात प्रकाशच नीट न पोचणे : जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुली झाकणारी लोंबती पापणी. ही तऱ्हा सर्वांत वाईट. तिला वर्षांची नव्हे, आठवड्यांची मुदत असते.

काही वर्षांपूर्वी धुळवडीच्या दुपारी एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. त्याच्या डाव्या डोळ्यावर पाण्याचा फुगा बसला होता. आईने डोळ्यावर रुमाल दाबून धरला होता आणि मूल रडत होते, 'आई, मला काहीच दिसत नाही.' मी रुमाल काढला तर मूल म्हणाले, 'आता दिसतं.' मार लागलेल्या डोळ्याने त्याला सगळे दिसत होते. ज्याला काही झाले नव्हते त्या उजव्या डोळ्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले मोठे आकडेही वाचता येत नव्हते. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा त्या डोळ्याला मोठा नंबर निघाला, दुसऱ्याला जवळजवळ काहीच नव्हता. नऊ वर्षे त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना याचा पत्ता नव्हता. चष्मा आणि पट्टीच्या वर्षभराच्या उपचाराने त्या डोळ्याची नजर ६/६० वरून ६/१८ वर आली. सुधारणा चांगलीच म्हणायची. पण हेच चौथ्या वर्षी कळले असते तर आणखी पुढचा पल्ला गाठता आला असता.

'दुसरा डोळा आहे ना!'

'एका डोळ्याने भागतंय, मग कशाला खटपट?' असे काही जण विचारतात. याचे उत्तर आमच्याच भागातल्या एका कामगाराने मला दिले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे लहान-लहान कारखाने आहेत. अशाच एका गाळ्यात तो भांड्यांना पॉलिश करी. वय पस्तीसच्या आसपास. डावा डोळा लहानपणापासून तिरळा. घरी त्याला नशीबवान म्हणत. एके दिवशी चाकावरून उडालेला कण उजव्या डोळ्यात गेला, जखम चिघळली आणि बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या दिवसापासून तो माणूस डाव्या डोळ्याच्या भरवशावर आला. त्या डोळ्याला बसचा नंबर दिसत नव्हता, पगाराच्या नोटा ओळखता येत नव्हत्या. 'हा डोळा राखीव आहे असं वाटायचं मला,' तो म्हणाला. आळशी डोळा हा असा राखीव माल आहे, जो गरज पडते त्या दिवशी उपयोगी पडत नाही.

दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिल्यावर वस्तू किती जवळ, किती लांब याचा अचूक अंदाज येतो. सुईत दोरा ओवणे, झेल घेणे, जिना उतरणे, ग्लासात पाणी ओतणे यांत त्याचा उपयोग होतो. नोकरीचाही प्रश्न आहे. रेल्वेच्या मोटरमनला दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याशिवाय ६/६ लागते. सैन्यात आणि केंद्रीय पोलीस दलांत भरती होताना तिरळेपणा आडवा येतो. आणि शाळेत 'चकण्या', 'ढापण्या' ही नावे ऐकत वाढणाऱ्या मुलाच्या मनाला काय वाटते, हे तर कोणत्याच तक्त्यावर मोजता येत नाही.

घरच्या घरी काय पाहाल?

खालील गोष्टी कोणीही पाहू शकेल. यांतली एक जरी दिसली तरी मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

१) मूल खेळात रमले असताना हलकेच एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर मूल शांत राहते आणि दुसरा झाकल्यावर हात ढकलते, रडते किंवा मान वळवून पाहते, तर न झाकलेल्या डोळ्याची नजर कमी असण्याची शंका घ्यावी.

२) चार-पाच वर्षांच्या मुलाला दहा फुटांवरून दिनदर्शिकेतली चित्रे किंवा आकडे एकेका डोळ्याने सांगायला लावा. तळहात नीट लावा. मुले बोटांच्या फटीतून पाहण्यात पटाईत असतात. दोन्ही डोळ्यांत फरक वाटला की तपासणी हवी.

३) दोन हातांवर टॉर्च धरून मुलाला तिच्याकडे पाहायला सांगा. प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांवर सारख्याच जागी दिसायला हवा. टॉर्च साधी असावी, क्षणभरच लावावी.

४) मूल सतत मान वाकडी करून पाहते का? उन्हात गेल्यावर एक डोळा मिटते का? पुस्तक किंवा टीव्ही अगदी जवळून पाहते का?

५) फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एक बाहुली लालसर आणि दुसरी पांढरी दिसते का? अंधारात बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी चमकते का? असे दिसले तर एक दिवसही थांबू नये. मोतीबिंदूबरोबरच डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असा दिसतो. या कर्करोगात कधी कधी तिरळेपणा हे पहिलेच लक्षण असते. वेळेवर निदान झाले तर मुलाचा जीव आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

आता थोडे वयाविषयी. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडे-तिकडे जातात. त्याची काळजी नको. मात्र त्या वयातही एकच डोळा सतत वळलेला असेल, किंवा चार महिन्यांनंतर कधीही तिरळेपणा दिसला, तर वाट पाहू नये. काही बाळांच्या नाकाचे मूळ रुंद आणि चपटे असते, त्यामुळे डोळे आत वळल्याचा नुसता भास होतो. तो भास वाढत्या वयात जातो, खरा तिरळेपणा सहसा जात नाही. पण भास कोणता आणि खरा कोणता, हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि काहीही तक्रार नसली तरी प्रत्येक मुलाची दृष्टी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, शाळेत घालण्याआधी, एकदा तपासून घ्यावी.

तपासणी कशी होते?

'मुलाला ABCD येत नाही, मग डोळे कसे तपासणार?' हा प्रश्न नेहमीचा. चित्रे दाखवून, अक्षराच्या आकाराशी आकार जुळवायला सांगून तपासता येते. अगदी तान्ह्या बाळाचीही नजर तज्ज्ञ पारखू शकतात. डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी करतात, मग यंत्राने नंबर काढतात आणि डोळ्याचा पडदा पाहतात. मुलांच्या बाबतीत हे औषध टाळून चालत नाही, कारण मूल डोळ्यावर ताण देऊन आपला खरा नंबर लपवते. औषधाने एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. घाबरू नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र ही तपासणी ठेवू नये.

उपचार पहिला : चष्मा

अधिकच्या नंबरमुळे आत वळणारा डोळा बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात दिसू लागतो. अशा पुष्कळ मुलांचा तिरळेपणा नुसत्या चष्म्याने सरळ होतो, शस्त्रक्रिया लागत नाही. आमच्या शेजारच्या चाळीतल्या चार वर्षांच्या मुलीचा तसाच झाला. पण आठवड्याभरात तिची आजी तक्रार घेऊन आली : 'चष्म्यानं डोळा बिघडला. चष्मा काढला की आता जास्तच तिरका दिसतो.' हा गैरसमज घरोघर होतो. डोळा चष्म्याने बिघडत नाही. चष्म्याशिवाय मूल स्पष्ट पाहायला ताण देते आणि त्या ताणाने डोळा आत ओढला जातो. चष्मा लावल्यावर सरळ डोळ्याची सवय झालेली असते, म्हणून काढल्यावर तिरपेपणा जास्त डोळ्यांत भरतो. हे समजावल्यावर आजी रोज सकाळी स्वतः चष्मा पुसून नातीला घालू लागली. चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हवा, नुसता शाळेपुरता नव्हे.

आळशी डोळ्यातही पहिला उपचार चष्माच. काही मुलांत तीन-चार महिने नियमित चष्मा वापरूनच नजर पुष्कळ सुधारते.

उपचार दुसरा : चांगल्या डोळ्यावर पट्टी

बैलजोडीतला एक बैल अंगचोर असेल तर शेतकरी काय करतो? ताकदवान बैलाला घटकाभर सोडून आळशालाच कामाला लावतो. पट्टीचे तत्त्व तेच. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्युफों यांनी १७४३ मध्ये हा उपाय सुचवला होता आणि अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही तो टिकून आहे.

आधी दिवसभर पट्टी बांधत. आता तेवढी गरज बहुधा पडत नाही. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मध्यम प्रतीच्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी ठरली. दोष तीव्र असेल तर सहा तास. पट्टी न सोसणाऱ्या मुलांना चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो डोळा तात्पुरता धूसर करतात. २००२ च्या अभ्यासात हा उपायही पट्टीच्या तोडीचा दिसला. किती तास, किती महिने, थेंब की पट्टी, हे नेत्रतज्ज्ञच ठरवतील. आपल्या मनाने पट्टी बांधू नये; जास्त झाली तर चांगला डोळाच आळशी होण्याची भीती असते. सध्या संगणकावरचे खास खेळ आणि चित्रफितीही या उपचारासाठी येत आहेत, पण पट्टीची जागा त्यांनी घेतलेली नाही.

पट्टीचा उपचार स्वस्त आहे, पण सोपा नाही. मुलाला चांगल्या डोळ्याने दिसत असते. आपण तोच झाकतो. मूल चिडते, रडते, पट्टी ओढून काढते. त्यावर काही अनुभवाचे उपाय :

- पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता डोळ्याभोवतीच्या त्वचेवर चिकटवावी, म्हणजे बाजूने डोकावता येत नाही. चष्मा तिच्यावरून घालावा.
- पट्टीच्या वेळात बारीक नजरेचे काम द्यावे : ठिपके जोडून रांगोळी, मणी ओवणे, तांदूळ निवडणे, चित्र रंगवणे, कॅरम.
- वेळ रोज तीच ठेवावी. दिनदर्शिकेवर मुलाला स्वतः खूण करू द्यावी.
- पट्टी असताना रस्त्यावर खेळू देऊ नये, सायकल देऊ नये.
- शाळेतच पट्टी लावायची असेल तर आधी बाईंशी बोलावे. बाईंनी वर्गाला दोन वाक्यांत समजावले की चिडवणे निम्म्याने कमी होते.

आणि घरातल्या सर्वांनी एकमताने वागावे. आईने पट्टी लावायची, ती कामावर गेली की आजोबांनी 'पोराला त्रास होतो' म्हणून काढायची, असे पुष्कळ घरांत चालते. लोकलने चार तास प्रवास करणाऱ्या आई-वडिलांच्या घरात पट्टीची किल्ली आजी-आजोबांकडेच असते. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्यावे. त्यांनी स्वतः ऐकले की काम होते. नजर सुधारल्यावरही तपासणी सोडू नये. उपचार थांबल्यानंतर वर्षभरात सुमारे चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, असे दिसून आले आहे.

उपचार तिसरा : शस्त्रक्रिया

चष्म्याने सरळ न होणाऱ्या तिरळेपणावर शस्त्रक्रिया करतात. 'डोळा बाहेर काढून पुन्हा बसवतात' हा समज साफ चुकीचा आहे. डोळा जागेवरच असतो. बाहेरचा एखादा स्नायू सैल करतात, एखादा आखूड करून घट्ट करतात. बर्लिनमध्ये डीफेनबाख यांनी १८३९ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया केली. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते, हे आधीच समजून घ्यावे. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आलेला मोठा तिरळेपणा शक्यतो दोन वर्षांच्या आत सरळ केला तर दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची आशा जास्त. काही विशिष्ट रुग्णांत स्नायूत बोट्युलिनम नावाचे इंजेक्शन देतात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी आज प्रसिद्ध असलेल्या या औषधाला अमेरिकेत १९८९ मध्ये पहिली मंजुरी मिळाली, ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी!

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, आळशी डोळ्याची नजर वाढत नाही. नजरेसाठी चष्मा आणि पट्टी हेच उपाय. डोळा सरळ झाला म्हणून पट्टी सोडणे म्हणजे घराला रंग देऊन गळके छप्पर तसेच ठेवणे.

वय निघून गेले असेल तर?

सात-आठ वर्षांनंतर दार बंदच होते, असे पूर्वी आम्हाला शिकवले जाई. आता चित्र थोडे आशेचे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात ते बारा वयाच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना चष्म्याबरोबर पट्टी-थेंबांच्या उपचाराने फायदा झाला. नुसत्या चष्म्यावर ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण चौथा हिस्सा होते. तेरा ते सतरा वयात फायदा कमी, पण आधी कधीच उपचार न झालेल्यांना काही प्रमाणात होतो. तेव्हा 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये. मात्र जितका उशीर तितकी मेहनत जास्त आणि फळ कमी.

मोठ्या माणसाचा जुना तिरळेपणाही शस्त्रक्रियेने सरळ करता येतो. मात्र मोठेपणी डोळा अचानक तिरळा झाला, एकाचे दोन दिसू लागले, तर ते प्रकरण वेगळे. मधुमेह, रक्तदाब किंवा मेंदूचा आजार त्यामागे असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काही गैरसमज

पाळण्यावर चिमणाळे बांधल्याने, उशाशी दिवा ठेवल्याने, काजळ न घातल्याने किंवा दुसऱ्याची नक्कल केल्याने तिरळेपणा येत नाही. गाजर, बदाम जरूर खावेत, पण त्यांनी आळशी डोळा जागा होत नाही. मोबाइलमुळे आळशी डोळा होत नाही. पण तासन्‌तास अगदी जवळून पडदा पाहणाऱ्या काही मुलांत डोळा आत वळल्याच्या नोंदी तज्ज्ञांनी केल्या आहेत. तेव्हा मोबाइल बेतानेच द्यावा. आणि तिरळा डोळा भाग्याचा की नाही हे ज्योतिषाला विचारा; त्या डोळ्याला दिसते किती, हे डॉक्टरांना विचारा.

कुठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरमध्ये झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. त्यात दृष्टीदोषही पाहतात आणि दोष निघाल्यास पुढचे उपचार मोफत असतात. पथक येणार त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नका, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात विसरू नका. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही जबाबदारी स्वतः घ्यायला हवी. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत जे.जे., के.ई.एम. आणि नायर या सार्वजनिक रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. नायर तर पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल स्थानकापासून जवळच आहे. केसपेपरसाठी सकाळी लवकर निघावे आणि जुने चष्मे, कागद सोबत न्यावेत.

येत्या रविवारी एवढेच करा. घरातल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून, समोरच्या भिंतीवरचे काय दिसते ते विचारा. पाच मिनिटांचे काम आहे. दोन्ही डोळ्यांचे उत्तर सारखे आले तर मुलाला शाबासकी द्या. उत्तरांत फरक पडला तर सोमवारी रजा टाका आणि डॉक्टरांकडे जा. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही, आणि हा बैल जाताना आवाजही करत नाही.